कोलंबस घ्यावा की पाळणा? आधी वळवाचं बोलू

यात्रेच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्याचं घोडं शेवटी एकाच ठिकाणी अडतं. मिकी माउसची हवेची घसरगुंडी आणि पोरांची आगगाडी सगळेच घेतात, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण पहिला मोठा आयटम कुठला, कोलंबस म्हणजे मागंपुढं झुलणारी बोट, की पाळणा म्हणजे उभं फिरणारं चाक? यावर मला वर्षाकाठी चार-पाच फोन तरी येतात. कारण एवढंच, की मी आणि आमचे दाजी दोन्ही करून बसलोय. आधी तीन हंगाम कोलंबस, मग तो विकून पाळणा. माझं मूळ काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं, दाजींचं आयुष्य यात्रांत गेलेलं. तेव्हा खाली लिहिलेलं निम्मं टर्नरच्या नजरेतून आहे आणि निम्मं दाजींच्या शिव्यांतून गाळून घेतलेलं.

उंची किती, माणसं किती बसतात, मोटर किती हॉर्सपॉवरची, हे कुठलाही विकणारा तोंडपाठ सांगतो. ते सोडून देतो.

आधी नावाची गंमत. कोलंबस अमेरिकेला पोचला त्याला ४०० वर्षं झाली म्हणून शिकागोत १८९३ साली मोठं प्रदर्शन भरलं. तिथं जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं २६४ फूट उंच चाक उभं केलं. ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं. त्याचा शाफ्टच सुमारे ४५ फुटांचा होता. मी लेथवर चार फुटाचा शाफ्ट चढवताना दोन माणसं हाताशी घेतो, तेव्हा तो शाफ्ट घडवणाऱ्यांना मनातल्या मनात हात जोडतो. म्हणजे बघा, कोलंबसाच्या नावानं भरलेली जत्रा गाजवली पाळण्यानं, आणि आपल्याकडं कोलंबस हे नाव चिकटलं बोटीला.

त्या चाकात विल्यम सलिव्हन नावाचा एक पूल बांधणारा माणूस बसला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. फेरिसचं चाक म्हणजे एका जागचा हत्ती. पुढं ते सेंट लुईसला नेलं, पण १९०६ साली सुरुंग लावून पाडावं लागलं. सलिव्हननं विचार उलटा केला. चाक छोटं असू दे, पण खोलता आलं पाहिजे, गाडीवर घालून पुढच्या गावाला नेता आलं पाहिजे. त्याचं पहिलं चाक १९०० साली इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिल गावात फिरलं. कंपनीचं नाव एली ब्रिज. नावात पूल, हातात पाळणे. गरगर फिरवणारा त्यांचा ‘स्क्रॅम्बलर’ही जगभर गेला, पण ओळख राहिली ती ‘बिग एली’ पाळण्याचीच. आपल्या यात्रेतला पाळणा कुठल्याही शेडमध्ये बनलेला असो, त्यामागचा विचार हाच आहे. दोन बाजूंना दोन मनोरे, मधे शाफ्ट, पिनांनी जोडलेले आरे आणि सगळं एका ट्रकात मावणारं. पूल बांधणाऱ्याचं डोकं त्यात दिसतं. प्रत्येक तुकडा मोजक्या माणसांना उचलता येईल असा.

त्याआधी आपल्याकडं लाकडी रहाटपाळणा होताच. चार पेट्या आणि ढकलणारा एक माणूस. टेंबलाईच्या यात्रेत मी लहानपणी त्यात बसलोय. पण तो वेगळा विषय.

बोटीचं घराणं युरोपातलं. जर्मनीत ब्रेमेन या बंदराच्या शहरात हुस नावाची कंपनी आहे, तिची ‘पिराट’ म्हणजे चाच्यांची बोट आणि मूळच्या स्वित्झर्लंडच्या इंटामिनची ‘बाउंटी’ ही या जातीतली मोठी नावं. आपण सर्रास ब्रेक डान्स म्हणतो ते नावसुद्धा हुसच्याच १९८५ च्या आयटमचं. एली ब्रिजनं एक पाळणा धरला आणि तोच घासूनपुसून चालवला. हुसचं तसं नाही, दर दोन-चार वर्षांनी माणसाला उलटंपालटं करायची नवी तऱ्हा काढायची. मला पहिली जात आवडते हे इथंच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तेवढं वजा करून घ्याल.

आता कोलंबसच्या बाजूनं बोलतो, कारण त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. बोट एकदा भरली की तीस-चाळीस तिकिटं एका दमात. तीन-चार मिनिटांत खाली, की पुढची खेप. टोकाच्या सीटवरच्या पोरी ओरडायला लागल्या की वेगळी जाहिरात नको, यात्रेच्या पार दुसऱ्या टोकाची माणसं मान वर करून येतात. उभारणीही पाळण्यापेक्षा अर्ध्या वेळात होते. पहिल्या हंगामात आम्ही नोटा मोजताना दाजी म्हणाले होते, “पाळणा म्हाताऱ्यांचा, कोलंबस पोरांचा.” त्या वर्षी ते खरंही होतं.

पण ते वर्ष वळवाच्या पावसानं आम्हाला सोडलं होतं. पुढच्या दोन वर्षांनी वसूल केलं.

आपला हंगाम कधी असतो? शिमगा झाला की गावोगावच्या म्हाया म्हणजे गावजत्रा, उरूस, मग जोतिबाची चैत्र यात्रा, तिथून मिरगापर्यंत. म्हणजे नेमका वळवाचा काळ. आणि वळवाची वेळही ठरलेली. दिवसभर तापतं, चार-पाचला पन्हाळ्याच्या अंगानं काळं भरून येतं, अर्धा तास झोडपतो आणि जातो. सातला आभाळ मोकळं, हवा गार, मातीचा वास आणि माणसं घराबाहेर. यात्रेचा खरा गल्ला सात ते अकरा. पावसानं गिऱ्हाईक जात नाही, उलट वाढतं. प्रश्न एवढाच, की त्या वेळी तुमचा आयटम चालतो का.

कोलंबसला फिरवणारं काय असतं? बोटीच्या पोटाखाली बसवलेला एक टायर. बोट खालून जाताना तो टायर वर दाबला जातो, पोटाच्या पत्र्याला घासतो आणि धक्का देतो. प्रत्येक हेलकाव्यात एखाद-दुसरा सेकंद, तेवढीच त्याची संधी. पत्रा कोरडा असेल तर झकास. ओला असेल तर टायर जागच्या जागी फिरतो आणि बोट नुसती डुलते, बारशाच्या पाळण्यासारखी.

वारणाकाठच्या एका गावची म्हाई मला अजून आठवते. पाच वाजता पाऊस, सातला गर्दी. चौतीस माणसं बोटीत, सगळ्यांची तिकिटं फाडलेली. मोटर चालू केली. टायरनं कर्कश आवाज काढला, जळक्या रबराचा वास सुटला आणि बोट हातभर हलली. पोरांनी खालून पोत्यानं पत्रा पुसला. पुन्हा चालू, पुन्हा तेच, कारण वरच्या फळ्यांवरचं पाणी आणि चौतीस जोडी चपलांचा चिखल फटीतून पोटावरून टायरवर गळतच होता. दाजींनी शेजारच्या भजीवाल्याच्या चुलीतली राख आणून टाकली. राखेचं आणि पाण्याचं काय होतं ते भांडी घासणाऱ्या कुणालाही विचारा. गर्दीतून एक आवाज आला, “अय मालक, उतरून धक्का मारू काय?” सगळी यात्रा हसली. आम्ही चौतीस जणांचे पैसे परत दिले. ते चौतीस जण आमच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या पाळण्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पाळणेवाल्यानं काय केलं होतं? फडक्यानं सीटा पुसल्या होत्या.

उपाय आम्ही सगळे केले. ताडपत्री टाकून बघितली, पण पाणी वरून नव्हे, बोटीतूनच येतं. टायर अजून वर दाबून बसवला, तर बेरिंग ओरडायला लागलं. खरखरीत पट्टी चिकटवली, ती दोन यात्रांत सोलून निघाली आणि टायरही खाऊन गेली. आमची बोट जुनी होती, परराज्यातल्या एका शेडमधली. नव्या, चांगल्या बनावटीच्या बोटीत हे कमी होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण टायर आणि ओला पत्रा यांचं भांडण कुणी कायमचं मिटवलेलं मी तरी बघितलं नाही.

पाळण्याला हे का होत नाही, ते टर्नर म्हणून सांगतो. पाळणा तोललेला असतो. या बाजूला जेवढं वजन, तेवढंच समोर. मोटरला फक्त तो हलता ठेवायचा असतो, उचलायचा नसतो. शिवाय मोटर ज्यानं चाक फिरवते तो वायर रोप चाकाच्या घेराला जवळपास पूर्ण वेढा घालून बसतो, त्यामुळं ओला झाला तरी पकड सुटत नाही. विहिरीवरच्या दोराचा खांबाला एक वेढा दिला की भरलेली घागर एका हातानं धरता येते, तेच तत्त्व. बोटीला मात्र तीस माणसांसकट दर खेपेला वर ढकलावं लागतं, आणि तेही टायरच्या वीतभर स्पर्शावर.

दुसरी गोष्ट लोखंडाच्या थकण्याची, ती मी जरा जपून मांडतो. बोट दोन्हीकडं ६० अंशांपर्यंत गेली तर तळातून जाताना माणसाला आपलं वजन जवळपास दुप्पट लागतं. ते दुप्पट वजन वरच्या दांड्यांना आणि त्यांच्या वेल्डिंगलाही लागतं, एका संध्याकाळी कित्येक शे वेळा. २०१९ च्या जुलैत अहमदाबादला कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा झुलणारा आयटम तुटून दोघांचा जीव गेला. तो कोलंबस नव्हता, पण झुलणाराच होता. तेव्हापासून दाजी रात्री बॅटरी घेऊन वेल्डिंगचा सांधा न् सांधा बघायचे, आणि मला झोप लागायची नाही. पाळणा बिनधोक आहे असा याचा अर्थ नाही. तिथं ओढणी आणि मोकळी वेणी हे दुखणं आहे. आमचं पोरगं प्रत्येक बाईला “ताई, पदर खोचा, केस बांधा” म्हटल्याशिवाय दांडी लावत नाही. वारं सुटलं की पाऊस यायच्या आधीच पाळणा रिकामा करायचा, यात एक मिनिटाची हयगय नाही. आणि पिना. आमच्याकडं पिनांची एक बादली आहे. खोलताना मोजून आत, उभारताना मोजून बाहेर. बादलीत एक जरी पीन उरली तर पाळणा फिरत नाही, मग रांग कितीही असो.

पाळण्याचे ताप आहेतच. भरायला वेळ लागतो. एक डबा भरला की लगेच समोरचा भरायचा, नाहीतर एका अंगाला झुकतो आणि मोटर रडते. नव्या पोराला हे शिकवायला एक हंगाम जातो. उभारणीला दोन दिवस. काळ्या रानात वळीव पडून गेला असेल तर मनोऱ्यांखाली फळ्या आणि पाचरी घालून पाण्याच्या नळीनं लेव्हल बघण्यातच अर्धा दिवस जातो. आणि जोडपी वर गेली की खाली उतरायचं नाव काढत नाहीत, हा धंद्यातला तोटा की जाहिरात, यावर आमचं अजून एकमत नाही.

गल्ल्याचं विचाराल तर हिशेबाची वही मी काही काढून दाखवणार नाही, पण डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. कोरड्या रात्री कोलंबस पाळण्याच्या पुढं असतो, आणि बराच पुढं. ओल्या रात्री तो शून्यावर असतो. पाळणा दोन्ही रात्री आपलं आपलं कमावतो.

तेव्हा तुमचा धंदा कुठला ते बघा. कोल्हापुरात मेरी वेदर मैदानाला डिसेंबर-जानेवारीत लागणाऱ्या प्रदर्शनांपुरता आयटम हवा असेल, किंवा हायवेला कायमची बाग काढून वर पत्र्याचं छत टाकणार असाल, तर कोलंबस खुशाल घ्या, मी अडवणार नाही. पण म्हायांच्या मागं ट्रक घेऊन हिंडायचं असेल, तर मला वाटतं पाळण्यानं सुरुवात करावी. बोट नंतरही घेता येते.

आणि कुणाची जुनी बोट बघायला गेलात तर एक काम करा. चालवून दाखवली, तुम्ही खूश झालात, मग मालकाला म्हणा, आता दोन बादल्या पाणी पोटावर आणि टायरवर ओता, वाळूची पोती भरून पुन्हा चालवा. मालकाचा चेहरा बघा.

आमची बोट नेणाऱ्यानं हे विचारलं नव्हतं. तो आटपाडीकडचा, दुष्काळी पट्ट्यातला. पैसे मोजून झाल्यावर दाजींनाच राहवलं नाही, त्यांनी आपण होऊन टायरचं सगळं सांगून टाकलं. मी मनात म्हटलं, झाला व्यवहार. तो गडी हसला, तंबाखू मळत म्हणाला, “पावणं, आमच्याकडं पाऊस पडला तर बोट बंद ठिवून मीच भिजत हुबा ऱ्हाईन.”