‘डेकडन्स’ची पाळेमुळे आणि एक मोफत व्युत्पत्तिकोश

इंग्रजी शब्दांचे कूळ सांगणारा ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा कोश अमेरिकेतील डग्लस हार्पर यांनी उभा केला असून तो वाचण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. कोशाचा कस लागावा म्हणून मी नैतिक अधःपतन सुचवणाऱ्या ‘डेकडन्स’ या शब्दाची नोंद बारकाईने तपासली.

हा शब्द १५४० च्या दशकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यामागे मध्ययुगीन लॅटिनमधील ‘देकादेन्तिआ’ आहे आणि त्याच्याही मुळाशी ‘पडणे’ या अर्थाचे ‘कादेरे’ हे क्रियापद आहे. मूळ धातूच्या दुव्यावर गेले की ‘डिके’, ‘ॲक्सिडेंट’, ‘कॅस्केड’, ‘चान्स’ आणि प्रेत या अर्थाचा ‘कडॅव्हर’ हे सारे भाऊबंद एका जागी भेटतात. दशक या अर्थाचा ‘डेकेड’ मात्र ग्रीक ‘देका’पासून आलेला, म्हणजे या घराण्याबाहेरचा.

मला सर्वाधिक आवडली ती ‘डेकडंट’ या विशेषणाची नोंद. १८८० च्या दशकात पॅरिसमधील काही कवी-लेखकांनी हीच शिवी बिरुदासारखी मिरवली आणि १८८६ मध्ये तर ‘ल देकादाँ’ नावाचे नियतकालिकही निघाले. पुढे १९७० च्या सुमारास जाहिरातदारांनी हा शब्द गोड पदार्थांना लावला, आणि आज मुंबई-पुण्यातील केकच्या दुकानांतही तो ‘मोह आवरू नये असा’ या अर्थाने पाटीवर झळकतो. रोमच्या ऱ्हासाचे वर्णन करताना वापरला जाणारा शब्द चॉकलेट केकपर्यंत कसा पोहोचला, हे इतक्या थोडक्यात सांगणे सोपे नाही.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकाने मात्र एका ठिकाणी थांबावे. मूळ धातूचा संस्कृत भाऊ म्हणून येथे रोमन लिपीत, उच्चारचिन्हांशिवाय, ‘सद्’ असे वाचले जाईल असे रूप छापले आहे. अभिप्रेत धातू आहे ‘शद्’, म्हणजे गळून पडणे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, तो ‘शदॢ शातने’ असा येतो. ‘सद्’ हा वेगळा धातू असून त्याचे इंग्रजी नाते ‘सिट’ या क्रियापदाशी आहे. ‘अवसाद’, ‘विषाद’ हे खचण्याचा भाव असलेले शब्द त्या ‘सद्’पासूनच झालेले असल्याने अर्थावरून ही गल्लत लक्षात येणे कठीण आहे, आणि म्हणूनच हा दोष मला किरकोळ वाटत नाही.

दुसरी उणीव पुराव्याची. ऑक्सफर्डचा मोठा कोश प्रत्येक अर्थासाठी कालानुक्रमे अवतरणे देतो. येथे बहुतेक वेळा केवळ साल मिळते. तरीही ऑक्सफर्डची वर्गणी न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला, अनुवादकाला आणि शिक्षकाला मी हा कोश निःसंकोच सुचवेन. संस्कृत रूपांपुरता शेजारी वामन शिवराम आपट्यांचा कोश उघडा ठेवावा.