ट्रेलरवरच्या बोटीला संडास कुठला: टाकीचा की उचलून नेण्याचा?

वीस ते चोवीस फुटांची, छोट्या केबिनची, घरी ट्रेलरवर उभी राहणारी बोट. परवानगी असेल तिथं धरणाच्या पाण्यावर वर्षातले काही शनिवार-रविवार, आणि दिवाळीनंतर फोंडा घाट उतरून मालवणला आठवडाभर. एवढ्याच बोटीपुरतं हे लिहितो आहे. तिच्यात दोन प्रकार बसतात. एक म्हणजे हातपंपाचा मरीन टॉयलेट आणि त्याला जोडलेली ४० ते ६० लिटरची पक्की टाकी. दुसरा पोर्टेबल, म्हणजे वर सीट आणि फ्लशच्या पाण्याचा भाग, खाली चिमट्यानं अडकणारा २१ लिटरचा मैल्याचा डबा.

थेट पाण्यात सोडणं हा तिसरा पर्याय मी धरलेलाच नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ त्याला मनाई करतंच, पण कोल्हापूरकराला कायदा सांगायची गरज पडू नये. राधानगरीचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. काळम्मावाडीचं तर २०२३ पासून थेट पाइपलाइननं शहराच्या नळाला येतं. पंचगंगेच्या पाण्यावर जगणाऱ्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी साथ आली, ते विसरलेलं नाही. समुद्रातही फार सूट नाही. मोठ्या जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की दळून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे आणि कच्चा मैला १२ मैलांपलीकडे, तोही जहाज चालतं असताना. तो आपल्या बोटीला लागू नसला तरी अंतराचा अंदाज त्यावरून घ्यावा. १२ सागरी मैल म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर. ट्रेलरवरची बोट मालवणहून तेवढी आत जात नाही, आणि जाऊही नये.

आता क्षमतेचं बघू. साठ लिटरची टाकी एकवीस लिटरच्या डब्याच्या तिप्पट, म्हणून तिप्पट दिवस चालेल असं वाटतं. तसं होत नाही. हातपंपाच्या टॉयलेटला भांडं रिकामं झालं म्हणजे काम झालं असं नसतं. मैला दीड इंची पाइपातून टाकीपर्यंत ढकलावा लागतो, नाहीतर तो पाइपाच्या खोलगट भागात बसून कुजतो. त्यासाठी दर वेळी अडीच-तीन लिटर पाणी जातं. चार माणसं, दिवसाला प्रत्येकी चार वेळा, म्हणजे नुसतं फ्लशचंच चाळीस लिटरच्या वर. पोर्टेबलला मैला सरळ खाली पडतो, तिथं पाव ते अर्धा लिटर पुरतं. चौघांचं लघवीचं सहा लिटर, फ्लशचं पाच, धुण्याचं तीन-साडेतीन आणि बाकीचं थोडं धरलं तर दिवसाला पंधरा लिटर होतात. दोन्ही व्यवस्था चौघांना कशाबशा सव्वा-दीड दिवस पुरतात. परदेशी कंपन्यांचे 'इतक्या वेळा वापर' असे आकडे कागद वापरणाऱ्यांचे असतात. आपल्याकडे धुणं आलंच. हँड शॉवर लावलात तर डबा दुपारी चारलाच भरेल. अर्धा लिटरची पिचकारीची बाटली ठेवा, तांब्या नको.

टाकीवाल्याच्या बाजूनं बोलायचं तर बसायला तो निःसंशय चांगला. भांडं खऱ्या उंचीचं, हलत नाही, आणि मैला नजरेआड जातो. पाहुणे, विशेषतः घरातली वडीलधारी मंडळी बोटीवर असतील तर हा मुद्दा लहान नाही. पण त्यापायी बोटीच्या तळाला पाणी आत घेण्यासाठी एक भोक पडतं, आणि समुद्रासाठी बाहेर सोडायची सोयही ठेवली तर दुसरं. प्रत्येकाला सीकॉक, म्हणजे भोक बंद करायची तोटी, प्रत्येक जोडाला दोन-दोन स्टीलच्या क्लिपा. भांड्याची कड पाणपातळीच्या खाली किंवा जवळपास असेल, तर पाइपाला पाणपातळीच्या किमान २० सेंटिमीटर वर वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तो नसला की सायफन लागतो आणि टॉयलेटच्या वाटेनं बोटीत पाणी भरतं. मैला टाकीत जाणार की बाहेर, हे ठरवणारा वाय-व्हॉल्व्ह धरणावर असताना टाकीकडे वळवून त्याची मूठ काढून ठेवावी किंवा तारेनं बांधावी. 'लक्षात राहील' यावर सोडू नये.

पंपाची देखभाल अवघड नाही, पण ती दरवर्षी करावी लागते. जोकर व्हॉल्व्ह नावाची रबराची चोच असते. ती ढिली पडली की ढकललेलं पाणी भांड्यात परत येतं. वर्षातून एकदा ती बदलायचीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रबराचं काही करून मिळत नाही असं नाही, पण करून घेतलेली चोच बहुधा जाड आणि ताठ निघते. ही एक वस्तू मूळ कंपनीचीच मागवून दोन नग पेटीत ठेवावेत. दांडा जड चालायला लागला की लोक भांड्यात खाद्यतेल ओततात. त्यानं दोन-चार दिवस बरं वाटतं आणि तेल धुऊन जातं. पंप उघडून पिस्टनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर हंगाम निघतो. मालवणच्या खाऱ्या पाण्यात लघवी मिसळली की पाइपात आतून चुन्यासारखा थर धरतो आणि दीड इंचाचा पाइप एक इंचाचा होतो. आठवड्याच्या शेवटी लिटरभर व्हिनेगर आत ओढून रात्रभर ठेवलं तर थर धरायच्या आतच सुटतो. बाजारात संडास धुवायला मिळणारं ॲसिड इथं वापरू नये. रबर तर जातंच, आणि कुणी आधी ब्लीच टाकलेलं असेल तर बंद केबिनमध्ये क्लोरीन वायू होतो.

वास येत असेल तर लोक टाकीला दोष देतात. बहुतेक वेळा दोषी पाइप असतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपाभोवती मिनिटभर गुंडाळा आणि मग फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास लागला असेल तर पाइपाच्या भिंतीतूनच तो झिरपतो आहे. तो पाइप बदलायचा, अत्तर शिंपडत बसायचं नाही.

इथवर दोन्ही पारडी मी तरी सारखी धरेन. पारडं फिरतं ते टाकी रिकामी करताना.

टाकी रिकामी करायला डेकवर ३८ मिलिमीटरचं, म्हणजे दीड इंची तोंड असतं. परदेशात धक्क्यावर त्याला जुळणारा शोषक पाइप तयार असतो. आपल्या धरणांवर काय आहे? सेप्टिक टँक उपसणारी गाडी. तिचा पाइप तीन किंवा चार इंची. हा फरक लेथवर अ‍ॅडॅप्टर काढून तासाभरात मिटतो. कोल्हापुरात लेथची वानवा नाही. पण अ‍ॅडॅप्टर घट्ट बसला की खरी पंचाईत सुरू होते, कारण त्या गाडीचा व्हॅक्यूम पंप हजारो लिटरच्या टाक्यांसाठी असतो. आपल्या टाकीत हवा आत येण्याची वाट एकच, १९ मिलिमीटरची वाफनळी. ती मोकळी असेल तर निभावतं. पण बोट आठ-दहा महिने ट्रेलरवर अंगणात उभी असते, आणि एवढ्या भोकात कुंभारीण माशी हमखास मातीचं घर बांधते. बाहेरून काही दिसत नाही. नळी बुजलेली, वरून गाडीनं ओढ लावलेली. टाकीची ६० बाय ४० सेंटिमीटरची एक बाजू घ्या. आतबाहेर दाबाचा फरक नुसता ०.१ बार पडला तरी तिच्यावर सुमारे २४० किलोचा भार येतो. प्लॅस्टिकची टाकी आत चेपते. पंप थांबला की फुगून परत येते, पण फिटिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडलेली असते. ती कळते पुढच्या फेरीत, बिछान्याखालून.

यावर उपाय आहेत. अ‍ॅडॅप्टर घट्ट न बसवता पाइप तोंडावर सैल धरायचा, टाकीचं तपासणीचं झाकण उघडं ठेवायचं, आणि निघण्यापूर्वी वाफनळीत तोंडानं फुंकून बघायचं. (बाहेरच्या टोकाला स्टीलची जाळी लावावी, मच्छरदाणीचं कापड कुजतं.) पण या खबरदाऱ्या काठावर ऐन वेळी गाडीवाल्याला समजावाव्या लागतात. त्यातून धरणाचं पाणी मे महिन्यात एवढं आत गेलेलं असतं, की डांबरी रस्ता आणि बोट यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचा उतार पसरलेला असतो. ट्रॅक्टरचा टँकरही तिथं उतरायला राजी होत नाही. आणि पन्नास लिटरसाठी येणारी गाडी पैसे पूर्ण खेपेचे घेते. शेवटचा प्रश्न विचारायलाच हवा: गाडी हे नेऊन कुठं ओतणार? समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर आपण जे धरणात सोडलं नाही ते तिथल्याच ओढ्यात सोडल्यासारखं होतं.

घरी आणून बारा व्होल्टच्या मॅसरेटर, म्हणजे मैला दळून ढकलणाऱ्या पंपानं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये काढता येतं, हे टाकीवाल्यांचं म्हणणं रास्त आहे. पंप कोरडा अर्धा मिनिट चालला तरी त्याचं रबरी चाक जळतं आणि केस अडकला की थांबतो, एवढं गृहीत धरावं. शिवाय साठ किलोचं डचमळणारं ओझं बोटीच्या पोटात घेऊन घाट चढायचा.

पोर्टेबलचा डबा वीस लिटर भरला की पंचवीस किलोच्या आसपास जातो. तो उचलून चालायचं आहे, हे घेण्याआधीच मान्य करावं. पाठीचं दुखणं असेल तर १० किंवा १२ लिटरचा डबा घ्यावा आणि तो दोनदा न्यावा. मी २१ लिटरचा मोठाच वापरतो आणि पाऊण भरला की नेतो. मला हा त्रास त्या गाडीच्या त्रासापेक्षा सोसवतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

वापराआधी डब्यात दोन लिटर पाणी आणि औषध घालायचं. निळं औषध वीस लिटरला साधारण १०० ते १५० मिली लागतं. निळ्यातल्या काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते वास मारतं आणि जंतूही मारतं, ज्यात सेप्टिक टँक चालवणारे जंतू आले. गावाकडच्या घरात छोटा सेप्टिक टँक असेल, किंवा गोबर गॅसला संडास जोडलेला असेल, तर ते तिथं ओतू नका. गॅस पडायचा बंद होईल. बाटलीवर फॉर्मल्डिहाइडविरहित लिहिलेलं एन्झाइमचं किंवा नायट्रेटचं औषध घ्यावं. ते उन्हाळ्यात निळ्याइतकं टिकत नाही. दोन दिवसांच्या वर मैला ठेवायचा नाही, एवढीच त्याची अट.

उन्हात डब्यात वायू साचतो. वापरायच्या आधी दाब सोडायचं बटण किंवा डब्याच्या तोंडावरची सरकती पाती अगदी थोडी उघडायची, आणि झाकण बंद असताना उघडायची. हे विसरलं की शिंतोडे वर येतात. मालवणचा भरलेला डबा तर कोल्हापूरला आणूच नये. समुद्रसपाटीला बंद केलेला डबा घाट चढून साडेपाचशे मीटरवर येतो. तेवढ्यानं आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा सहा-सात टक्के जास्त होतो, वर गाडीतली उष्णता. घरी तोंड सोडलं की पहिलं काय बाहेर येतं ते सांगायला नको. मालवणला उतरलात तिथल्या लॉजवाल्याला विचारून तिथंच रिकामा करावा आणि पाच लिटर स्वच्छ पाण्यानं दोनदा खळबळून आणावा.

रिकामा करायला भारतीय पद्धतीचं भांडं उत्तम. डब्याची चोच भांड्याच्या भोकाजवळ खाली नेता येते, कमोडला उंचावरून ओतावं लागतं. ओतताना हवेचं बटण अंगठ्यानं दाबून धरायचं, म्हणजे भक्-भक् न होता एकसारखी धार पडते. घर ड्रेनेज लाइनवर असेल तर तो मैला कसबा बावड्याच्या किंवा दुधाळीच्या प्रक्रिया केंद्राच्या वाटेला लागतो, आणि बोटीवाल्याच्या हातात यापेक्षा जास्त काही नाही. मग सरकत्या पातीच्या रबराला सिलिकॉन लावायचं. व्हॅसलीन काही रबरांना फुगवतं. ठेवून देताना पाती किंचित उघडी ठेवायची, नाहीतर सहा महिन्यांनी रबर दाबल्या जागी चपटं होऊन बसतं.

कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा कोरडा संडास हल्ली सुचवला जातो. लघवी वेगळी, मैला वेगळा, ही कल्पना सुरेख आहे. पण धुण्याचं पाणी भुशात गेलं की त्याचा चिखल होतो. ते पाणी वेगळं झेलायची शिस्त चारही माणसांत असेल तर जरूर बघा.

बोट मालवणला कायम पाण्यात असेल, लांबी तीस फुटांच्या पुढं असेल आणि टाकी उपसणाऱ्याची सोय आधीच ठरलेली असेल, तर मी पोर्टेबलचा आग्रह धरणार नाही. तिथं शंभर लिटरची, ९ मिलिमीटर जाडीची टाकी आणि एकाऐवजी दोन वाफनळ्या, समोरासमोरच्या बाजूंना. त्यातून हवा खेळती राहते आणि वासही कमी येतो. बाकी ट्रेलरवाल्यांनी पोर्टेबल घ्यावा, आणि घेताना तळाच्या पट्ट्या वेगळ्या मागून घ्याव्यात. त्या खोक्यात नसतात, आणि त्यांच्याशिवाय डबा लाटेत सरकतो.