ग्रीसच्या सिरोस बेटावर काही महिने राहिल्यावर: बेट झकास, बोटीचं तिकीट मात्र जपून काढा

जहाज दुरुस्तीच्या कामासाठी मार्चपासून एर्मूपोलीत, म्हणजे बेटाच्या मुख्य गावात, मुक्काम आहे. लिहायला बसलो कारण मध्यंतरी परत एकदा बोट रद्द झाली आणि तिकीट विकणाऱ्या वेबसाइटने सरळ सांगितलं, वारा आमच्या हातात नाही, पैसे विसरा, हवं तर व्हाउचर घ्या.

मार्च-एप्रिलमध्ये विचारलं असतं तर मी पिरेयसहून (अथेन्सचं बंदर) हायस्पीड, म्हणजे वेगवान हलकी बोटच घ्या म्हणालो असतो. आता अजिबात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे मेल्तेमी म्हणून उत्तरेचा वारा सुटतो, आकाश स्वच्छ निळं, ढगाचा ठिपका नाही, आणि तरी धक्क्यावर बोटी बांधून ठेवलेल्या. वाऱ्याचा जोर वाढला की कोस्टगार्ड बंदी घालतं आणि त्यात हलक्या हायस्पीड बोटी आधी अडकतात. मोठी फेरी साडेतीन-चार तास घेते, पण जास्त वाऱ्यातही सुटते आणि तिकीटही बरंच स्वस्त. जास्त पैसे मोजून धक्क्यावर बसून राहायचं ह्याला काय अर्थ आहे? मोठी फेरी बंदरात येते तेपण बघण्यासारखं, उलटी वळून पार्श्वभाग धक्क्याकडे करते, पूर्ण थांबायच्या आधीच रॅम्प खाली यायला लागतो, आणि ट्रक, स्कूटर, बॅगावाले सगळे एकदमच बाहेर पडतात. तुम्हाला चढायला फार वेळ मिळत नाही, त्यामुळे आधीच येऊन उभे राहा.

गावाबद्दल मात्र तक्रार शून्य. १८२० च्या दशकात खिऑस, प्सारा वगैरे बेटांवरून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी हे बंदर उभं केलं आणि पिरेयस पुढे जायच्या आधी ग्रीसचं मोठं बंदर हेच होतं. त्या पैशाचा थाट अजून दिसतो: संगमरवरी मियाउली चौक, त्सिलर ह्या वास्तुविशारदाने डिझाइन केलेला टाउन हॉल, १८६४ चं अपोलो थिएटर. वर टेकडीवर कॅथलिकांचं जुनं आनो सिरोस, तिथल्या पायऱ्या चढताना दम निघतो पण संध्याकाळी जाच. हे ठिकाण दोन बोटींच्या मधल्या तासाभरात उरकण्याचं नाहीये, आपले टूरवाले सांतोरिनी-मिकोनॉसच्या पलीकडे बघतच नाहीत ह्याचा मला खरंच राग येतो. खाण्यात शाकाहारी लोकांनी फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. गोड म्हणजे हलवादोपिता, दोन पातळ वेफरमध्ये बदामाचा चिवट नूगा.

आता पैशांचं. युरोपियन युनियनचा ११७७/२०१० नंबरचा नियम आहे. बोट रद्द झाली किंवा सुटायला दीड तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या बोटीने प्रवास, निवड प्रवाशाची. पैसे सात दिवसांत. हवामानामुळे रद्द झाली तर वरची नुकसानभरपाई आणि हॉटेलचा खर्च मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे कोणी बुडवू शकत नाही, आणि व्हाउचर तुम्ही हो म्हटलं तरच. मी नियमाचा नंबर टाकून मेल केल्यावर दोन दिवसांत भाषा बदलली.

परतीचं विमान आणि बोट एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये अथेन्सची एक रात्र ठेवाच. तिकिटाचे पैसे कार्डवर आले, सर्व्हिस फी मात्र कापून घेतलीय, तिच्यासाठी काल परत मेल टाकलाय.