जळगाव: पालकांचं वर्कशॉप, पहिला तास भारी, शेवट वैताग

रविवारी पोराला (वय साडेचार) घेऊन रिंग रोडकडच्या एका प्ले सेंटरच्या, पोरांना स्वतःला आवरायला कसं शिकवायचं या वर्कशॉपला गेलो होतो, नाव टाकत नाही कारण तक्रार पण आहे. फी ६०० रुपये, दोन तास, अन् ऐन मे महिन्यात कूलर एकच, तोही शिकवणाऱ्या ताईंच्या टेबलाकडे तोंड करून.

पण पहिला तास पैसा वसूल. सूर्याचं चित्र दाखवलं की 'रात्र' म्हणायचं अन् चंद्र दाखवला की 'दिवस'. सोपं वाटतं ना? आमचा पठ्ठ्या 'दि...' करून अडकला, तोंडावर हात दाबला अन् मग हळूच 'रात्र'. ताई म्हणे जिभेवर आलेलं अडवायचा हा ब्रेक ३ ते ५ या वयात भराभर तयार होतो. मी मागून 'रात्र म्हण रे' करत होतो तर मलाच गप्प बसवलं. पझलला पण तेच, मी सरळ त्याचा हात धरून तुकडा बसवून दिला, शेजारची आई मात्र 'कडेचे आधी शोध' एवढंच बोलली अन् तिच्या पोरीने स्वतः लावलं. लाज वाटली राव.

मग डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात मांडलेले पालकांचे प्रकार, म्हणजे नुसता धाक, नुसते लाड, नाहीतर माया करून पण कारण सांगून नियम पाळायला लावणारे. या तिसऱ्यांची मुलं स्वतःला आवरण्यात सरासरी बरी दिसतात म्हणे. पण पोरगं मुळातच तापट असलं तर आईबापाचाही आवाज चढतो, ते उलटं कुणी बोललंच नाही.

शेवटी मार्शमॅलोच्या प्रयोगाची गोष्ट, म्हणजे ही मऊ गोळी आत्ता एक खा की थांबून दोन घे, अन् थांबलं ते पोरगं आयुष्यात पुढे गेलं वगैरे, अन् लगेच १४०० चं 'संयम किट'! मी म्हटलं २०१८ मध्ये ९०० वर मुलांवर हेच परत तपासलं तर घरची परिस्थिती धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला की. 'सर, प्रश्न शेवटी.' शेवटी पावतीपुस्तक निघालं.

घरी केळीच्या वेफर्सवर करून पाहिलं, आत्ता एक की पाच मिनिटांनी बशीभर. बसला होता बिचारा मांडीखाली हात घालून, तेवढ्यात माझी आई आली, "कसाले रडावस रे पोऱ्याले" म्हणत पुडाच त्याच्या हातात दिला.

तीन स्टार. मधल्या चहाला निघून या.