बालकक्षासाठी ऑक्सिजन: जम्बो सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर की पीएसए प्लांट?

तालुक्याच्या ठिकाणी आठ-दहा खाटांचा बालकक्ष आहे. रुग्ण कल्याण समितीकडे थोडा निधी शिल्लक आहे, किंवा एखादी कंपनी सीएसआरमधून काही द्यायला तयार आहे. ऑक्सिजनसाठी नेमकं काय घ्यायचं, यावर बैठकीत तीन जणांची तीन मतं आहेत. हा आढावा त्या बैठकीसाठी. वैद्यकीय महाविद्यालयांचं गणित निराळं असतं, त्यात इथे शिरत नाही.

सुरुवात मागणीपासून करू, कारण बहुतेक खरेदी तिथेच फसते. कोविडात मोठ्या माणसांना मिनिटाला १०-१५ लिटर ऑक्सिजन लागत होता, आणि तोच आकडा अजून डोक्यात बसलेला आहे. मुलांना फार थोडा लागतो. नवजात बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर, तान्ह्या मुलाला एक ते दोन, त्याहून मोठ्याला फार तर चार. न्यूमोनियाची पाच बाळं एकाच वेळी दाखल असली तरी पाच-सहा लिटरमध्ये बऱ्याचदा भागतं.

आता जम्बो सिलिंडर. त्यात सात घनमीटर, म्हणजे साधारण ७००० लिटर वायू असतो. एका बाळाला मिनिटाला एक लिटर दिला तर तो ११६ तास पुरतो. चार बाळं असतील तर २९ तास. शनिवारी संध्याकाळी सातला लावलेला सिलिंडर रविवारी मध्यरात्री संपतो, आणि भरून देणारा त्या वेळी फोन उचलेलच असं नाही. सिलिंडरचा मोठा गुण म्हणजे त्याला वीज लागत नाही. रेग्युलेटर आणि वॉशर नीट असले, आणि हाताला तेल-ग्रीस नसलं, की बाकी बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

अडचण असते ती रस्त्याची आणि बिलाची. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडे काहीच पोचत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून कोल्हापूरला जाणारा महामार्गच काही दिवस पाण्याखाली होता. बिलाचं म्हणाल तर गोरखपूर आठवा. २०१७ मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पुरवठादाराचे पैसे थकले आणि द्रवरूप ऑक्सिजनचा पुरवठा तुटला. त्याच दिवसांत तिथे अनेक मुलं दगावली. मृत्यूंच्या कारणावरून पुढे बराच वाद झाला, पण पैसे थकले होते हे कोणी नाकारलं नाही. तुमच्या रुग्णालयात रिफिलचं बिल किती दिवसांनी निघतं, हे लेखा विभागाला आधी विचारा.

कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा आत घेतो, झिओलाइटच्या दाण्यांवर नायट्रोजन अडवतो आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर देतो. पाच लिटरच्या यंत्राला फ्लो स्प्लिटर (एक प्रवाह अनेक नळ्यांत वाटणारा जोड) जोडला की प्रत्येकी एक लिटरवर पाच बाळं चालतात, आणि प्रत्येकाचा प्रवाह वेगळा ठेवता येतो. रिफिल नाही, गाडी नाही. वीज साधारण ३५० वॅट, म्हणजे दिवसभर चाललं तर आठ-साडेआठ युनिट. बालकक्षासाठी माझं झुकतं माप याच यंत्राकडे आहे, पण त्याचे नखरे माहीत असायला हवेत.

पहिला नखरा विजेचा. भारनियमनात १५० एएचची चांगली बॅटरी जेमतेम तीन-चार तास साथ देते. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर हवाच. दुसरा नखरा दमट हवेचा आणि धुळीचा. झिओलाइटला ओलावा सोसत नाही, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेलं यंत्र चालू केल्यावर आवाज तर करतं, पण ऑक्सिजन पुरेसा देत नाही. ही सगळ्यात घातक गोष्ट, कारण नळीतून वारा येतोय एवढं बघून सगळे निश्चिंत होतात. म्हणून शुद्धता कमी झाल्यावर दिवा लागणारं किंवा गजर वाजवणारंच यंत्र घ्यावं. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुवून वाळवायचा, आणि हे काम कोणाचं ते नावानिशी ठरवायचं. २०२१ मध्ये देणगीतून आलेली यंत्रं कोपऱ्यात धूळ खात पडलेली बऱ्याच ठिकाणी दिसतात. नवं घेण्याआधी स्टोअर उघडून बघा.

पीएसए (प्रेशर स्विंग ॲडसॉर्प्शन) प्लांटचं तंत्र तेच, हवेतला नायट्रोजन अडवायचं, आकार अवाढव्य. २०२१ मध्ये पीएम केअर्समधून देशभर हजाराहून अधिक प्लांट मंजूर झाले, त्यामुळे उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात तो आधीच उभा असण्याचा संभव आहे. मिनिटाला पाचशे लिटरचा प्लांट आठ खाटांच्या बालकक्षासाठी चालवणं म्हणजे निव्वळ डिझेल जाळणं. थ्री-फेज वीज, प्रशिक्षित ऑपरेटर, देखभालीचा वार्षिक करार, यातलं एक गळलं की प्लांट थांबला. पण शेजारी प्रसूती विभाग, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता कक्ष असेल, पाइपलाइन असेल, तर गोष्ट वेगळी: पाइपलाइनच्या दाबावर व्हेंटिलेटर चालतो, साध्या कॉन्सन्ट्रेटरवर चालत नाही. तुमच्याकडे प्लांट असेल तर वापरा. केवळ बालकक्षासाठी नवा मागू नका.

एवढी चर्चा झाल्यावरही बैठकीत जी वस्तू कोणी मागत नाही ती म्हणजे मुलांचा पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र. माझ्या मते पहिला पैसा तिथे जावा. पोट उडणं, कण्हणं, दूध न ओढणं ही लक्षणं महत्त्वाची आहेतच, पण त्यांच्यावरून कोणाचा ऑक्सिजन खरोखर कमी आहे हे पक्कं सांगता येत नाही. ओठ निळे पडेपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. पापुआ न्यू गिनीतल्या पाच रुग्णालयांत ऑक्सिमीटर आणि कॉन्सन्ट्रेटर एकत्र आणले, तेव्हा न्यूमोनियाच्या मुलांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आलं. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नायजेरियातल्या १२ रुग्णालयांत पुढे असं दिसलं की गरजू मुलांपर्यंत ऑक्सिजन पोचण्यात मोठी सुधारणा ऑक्सिमीटर रोजच्या वापरात आल्यावरच झाली.

बोटाला लावायचा मोठ्यांचा क्लिप बाळाला चालत नाही. पावलाला गुंडाळायचा प्रोब असलेला हातातला ऑक्सिमीटर घ्या, आणि एक जादा प्रोब, कारण आधी तुटतो तो प्रोबच. पाय थंड असेल किंवा बाळ हलत असेल तर आकडा खोटा येतो. सर्वसाधारणपणे ९० टक्क्यांखाली ऑक्सिजन सुरू करायचा, शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) किंवा बेशुद्धी असेल तर ९४ टक्के राखायचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळात उलटा धोका असतो: ९५ च्या वर सतत ठेवलं तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. ऑक्सिमीटरशिवाय यातलं काहीच सांभाळता येत नाही.

तर आठ-दहा खाटांसाठी मी असं मांडेन: दोन ऑक्सिमीटर, पाच लिटरचे दोन कॉन्सन्ट्रेटर (एक चालू, एक राखीव, पण आलटून पालटून दोन्ही वापरायचे), इन्व्हर्टर, आणि साखळीने भिंतीला बांधलेले दोन भरलेले जम्बो. वीज महिनोन्महिने धड नसते अशा ठिकाणी मात्र सिलिंडर मुख्य आणि कॉन्सन्ट्रेटर दुय्यम. बाळांसाठी नेझल प्रॉन्ग्ज (नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या) भरपूर घ्या. मिनिटाला एक-दोन लिटरला ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी) बाटली लागत नाही, आणि न बदललेलं पाणी उलट जंतू वाढवतं.

बबल सीपॅपचा (नळीचं टोक पाण्यात बुडवून दाब राखत बाळाला श्वासासाठी सतत आधार देणारी पद्धत) प्रस्ताव कोणी आणलाच तर तो वेगळ्या बैठकीला ठेवा. ढाक्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग दिसला, पण मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात, जिथे डॉक्टर सतत जवळ नव्हते, साध्या ऑक्सिजनपेक्षा सीपॅपवरची मुलं जास्त दगावली आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. रात्रपाळीला तुमच्याकडे एकच सिस्टर असेल तर उत्तर तूर्त नाही असंच द्यावं.