टॉवेल तपासणाऱ्या कॅमेऱ्याला कुठला डीएमए बफर द्यावा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लाइन-स्कॅन (एका वेळी एकच ओळ टिपणारा) कॅमेरा बसवायचा, झायलिंक्सच्या झिंक-७००० या चिपचा (एआरएम सीपीयू आणि हवं तसं जोडता येणारं हार्डवेअर एकत्र) बोर्ड घ्यायचा आणि त्यावर लिनक्स चालवून ताण्याबाण्यातले दोष पकडायचे, असं ठरलं की लेन्स कुठली, दिवे कुठले यावर भरपूर खल होतो. ड्रायव्हरमधला डीएमए बफर, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता हार्डवेअर ज्यात थेट डेटा लिहितं ती मेमरी, मात्र हाताला लागलेल्या पहिल्या उदाहरणातून उचलला जातो. तो चालतोही. कापडाचा वेग वाढवला की मग बोर्ड धापा टाकू लागतो आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. म्हणून बोर्ड विकत घेण्याआधीच ही निवड करून ठेवावी, असं माझं मत आहे.

आधी हिशेब मांडू. कापडाची रुंदी २ मीटर, कॅमेऱ्याच्या एका ओळीत ८,१९२ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण पाव मिलिमीटरचा. कापड सेकंदाला १ मीटर सरकतं असं धरलं आणि लांबीच्या दिशेनेही तेवढीच बारकाई हवी असेल, तर सेकंदाला ४,०९६ ओळी लागतात. कृष्णधवल चित्रात पिक्सेलला एक बाइट, म्हणून सेकंदाला ३२ एमबी. ५१२ ओळींचा एक तुकडा केला तर तो बरोबर ४ एमबीचा होतो आणि दर १२५ मिलिसेकंदांनी एक तुकडा हातात पडतो. लिहिणाऱ्या हार्डवेअरला हा वेग किरकोळ आहे. दमछाक होते ती वाचणाऱ्या सीपीयूची, आणि बफरची निवडही तिथेच ठरते.

कोहिरंट बफर: सोपा, पण वाचायला महाग

डीएमए_अलॉक_कोहिरंट या फंक्शनला एकदा बोलावलं की दोन पत्ते मिळतात, एक सीपीयूसाठी आणि एक डिव्हाइसला द्यायला. मेमरी शून्याने पुसून येते. दोघांना कायम एकच डेटा दिसतो, त्यामुळे कोणी कधी काय वाचायचं याची कटकट नाही. नवख्या माणसाला हेच आवडतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पण हे सुख कोण पुरवतं ते बघा. इंटेल-एएमडीच्या पीसीवर डिव्हाइस आणि कॅश (सीपीयूजवळची छोटी, जलद मेमरी) यांचा मेळ हार्डवेअरच घालतं, म्हणून कोहिरंट बफर ही तिथे साधी, कॅश चालू असलेली मेमरी असते. झिंक-७००० मध्ये एचपी पोर्टमधून (हार्डवेअरला थेट मेमरीत नेणाऱ्या वाटेने) मेमरीत उतरणाऱ्या डेटाची सीपीयूच्या कॅशला खबरच लागत नाही. तिथे कर्नेल (लिनक्सचा गाभा) एकच उपाय करतं: ती मेमरी कॅश बंद करून तुमच्या हवाली करतं.

आता त्या बफरवर तीन बाय तीनचा साधा फिल्टर चालवून बघा. एका सेकंदाच्या कापडात सव्वातीन कोटींहून जास्त पिक्सेल, प्रत्येकासाठी नऊ वाचनं, म्हणजे ३० कोटी. मेमरीपर्यंतची एक फेरी शंभर नॅनोसेकंदांची धरली तर एका सेकंदाचं कापड तपासायला तीस सेकंद. कंपायलर काही आकडे रजिस्टरमध्ये धरून ठेवील, निऑनच्या (एकगठ्ठा डेटा हाताळणाऱ्या) सूचनांनी एका दमात सोळा बाइट उचलता येतील, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी वाईट गत होणार नाही. तरी वेळेत काम होईल याची खात्री कुणी देणार नाही.

स्ट्रीमिंग बफर: शिस्त लागते, पण काम उरकतं

इथे मेमरी नेहमीची, कॅश चालू असलेली. डिव्हाइसला देण्याआधी डीएमए_मॅप_सिंगल, परत घेताना डीएमए_अनमॅप_सिंगल. तोच बफर पुन्हापुन्हा वापरायचा असेल तर मॅपिंग ठेवून नुसतं सिंक करायचं: सीपीयूने वाचण्याआधी ‘सिंक फॉर सीपीयू’, डिव्हाइसला परत देण्याआधी ‘सिंक फॉर डिव्हाइस’. नियम एकच आहे आणि त्यात सूट नाही. बफर डिव्हाइसच्या ताब्यात असताना सीपीयूने त्याला हात लावायचा नाही, वाचायलासुद्धा नाही.

सिंकचा खर्चही मोजू. झिंकमधल्या कॉर्टेक्स-ए९ ची कॅश-लाइन (कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा) ३२ बाइटची, म्हणजे ४ एमबीत १,३१,०७२ लाइन. सीपीयू अंदाजाने मेमरी आधीच उचलून ठेवतो, म्हणून देताना आणि घेताना अशी दोनदा सफाई करावी लागते. सेकंदाला आठ तुकडे धरले की २१ लाख, एल१ आणि एल२ या कॅशच्या दोन्ही पातळ्या धरल्या तर ४२ लाख. त्यात प्रत्यक्ष डेटा आत आणण्याच्या साडेदहा लाख फेऱ्या मिळवा. हे ३० कोटींच्या शेजारी ठेवून बघा. शिवाय तीन ओळी मिळून २४ केबी होतात आणि ए९ ची डेटा-कॅश ३२ केबीची आहे, त्यामुळे फिल्टरची उरलेली वाचनं कॅशमध्येच भागतात. प्रतिमा वाचून तिच्यावर काम करायचं असेल तर माझं मत सरळ स्ट्रीमिंगला.

शिस्त मोडली तर काय दिसतं, ते कापडाच्या बाबतीत मजेशीर आहे. सिंक राहून गेलं की कॅशमधली जुनी लाइन तशीच राहते आणि चित्रात ३२ पिक्सेल मागच्या तुकड्याचे उमटतात. आपल्या हिशेबात ती साधारण आठ मिलिमीटरची आडवी रेघ होते, अगदी बाण्याचा धागा चुकल्यासारखी! कारखान्यातला अनुभवी माणूसही त्या चित्रावरून मागाला दोष देईल. ओळखायची खूण अशी: खरा दोष कुठेही सुरू होतो, ही रेघ मात्र नेहमी ३२ च्या पटीतल्या पिक्सेलवरच सुरू होते आणि तशाच ठिकाणी संपते. दोषांच्या यादीत सुरुवातीचा पिक्सेल छापून ठेवलात तर हे पटकन लक्षात येईल.

आणखी दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो. स्टॅकवरचा ॲरे किंवा व्हीमॅलॉकची (प्रत्यक्षात सलग नसलेली) मेमरी डीएमए_मॅप_सिंगलला द्यायची नाही. स्ट्रक्चरच्या मध्येच बफर ठेवून शेजारी एखादा काउंटर ठेवलात तर दोघं एकाच कॅश-लाइनवर बसतात आणि सफाईत एकाचं पुसलं जातं. मॅप केल्यावर डीएमए_मॅपिंग_एररने तपासणी करायचीच. आणि विखुरलेल्या तुकड्यांची यादी मॅप करणारं डीएमए_मॅप_एसजी वापरलंत तर ते तुकडे जोडून कमी संख्या परत देऊ शकतं. डिव्हाइसला ती कमी संख्या सांगायची, पण अनमॅप करताना मूळचीच द्यायची. ही चूक कोड वाचताना भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

सलग ४ एमबी आणायचे कुठून?

झिंक-७००० मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइससाठी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नाही. त्यामुळे मेमरीची विखुरलेली पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) डिव्हाइसला सलग दाखवण्याची सोय नाही. ४ केबीची पानं असताना कर्नेलचा पेज-अलोकेटर एकसंध जास्तीत जास्त ४ एमबी देतो, म्हणजे आपण नेमके काठावर. बोर्ड नुकताच सुरू झालेला असताना मिळतील, पण पाळी संपेपर्यंत मेमरीचे तुकडे पडलेले असतात आणि तीच मागणी फेटाळली जाते.

यावर तीन वाटा आहेत. पहिली सीएमए, म्हणजे कंटिग्युअस (सलग) मेमरी अलोकेटर. २०१२ साली, ३.५ आवृत्तीत ही सोय कर्नेलमध्ये आली. सुरू होताना एक पट्टा बाजूला ठेवला जातो, तुम्हाला नको असेल तेव्हा तो हलवता येणाऱ्या पानांना वापरायला दिला जातो, आणि तुम्ही मागितलात की ती पानं हलवून जागा मोकळी केली जाते. हलवायला वेळ लागतो, कधी एखादं पान अडून बसतं. म्हणून सगळे बफर ड्रायव्हर सुरू होतानाच घ्यायचे, कापड धावत असताना नाही.

दुसरी वाट डिव्हाइस-ट्रीमध्ये (बोर्डवरचं हार्डवेअर कर्नेलला सांगणाऱ्या वर्णनात) मेमरी कायमची राखून ठेवण्याची. मागितली की हमखास मिळते, पण दुसऱ्या कुणाच्या कामाला येत नाही. ५१२ एमबीच्या झेडबोर्ड या झिंकच्या बोर्डवर ६४ एमबी राखले तर आठवा हिस्सा गेला. आपल्याला ४ एमबीचे चार तुकडे, म्हणजे १६ एमबी पुरतात, तेव्हा सीएमए पुरे. मशीन महिनोन्महिने बंद न होता चालणार असेल आणि शेजारी दुसरे प्रोग्रॅमही मेमरी खात असतील, तर मात्र मी राखीव मेमरी घेईन.

तिसरी वाट, डीएमए इंजिनलाच विखुरलेले तुकडे झेपतील अशी रचना करायची. झायलिंक्सच्या एएक्सआय डीएमए या तयार इंजिनमध्ये स्कॅटर-गॅदरची (विखुरलेले तुकडे एकामागून एक घेण्याची) सोय आहे, फक्त हार्डवेअर बांधताना ती चालू ठेवावी लागते. ती बंद ठेवून साध्या पद्धतीने जाणार असाल तर लांबीच्या रजिस्टरची रुंदी आधी बघा. ती मुळात १४ बिट असते, म्हणजे एका दमात १६ केबीलाही एक बाइट कमी. पुऱ्या ४ एमबीसाठी निदान २३ बिट हवेत.

कोहिरंट आणि स्ट्रीमिंगच्या मधलीही एक सोय नव्या कर्नेलमध्ये आहे, डीएमए_अलॉक_नॉनकोहिरंट. मेमरी डिव्हाइसला चालेल अशा जागेतून सलग मिळते, पण कॅश चालू राहते आणि सिंक तुमच्याकडे. कापडाच्या कॅमेऱ्याला मला हीच सगळ्यात योग्य वाटते. तिचं भावंड शोभेल अशी नॉनकंटिग्युअस सोय ५.१३ मध्ये आली आणि यूएसबी वेबकॅमच्या यूव्हीसी ड्रायव्हरने ती लगेच उचलली. एआरएमवर कॅश बंद असलेल्या मेमरीतून चित्र वाचणं परवडत नाही, हेच कारण तिथेही होतं.

एसीपी पोर्टचा मोह अनेकांना होतो. या पोर्टवरून येणारा डेटा कॅशशी जुळवूनच येतो, म्हणजे सिंक नको आणि वाचनही जलद. पण झिंकची एल२ फक्त ५१२ केबी आहे. ४ एमबीचे तुकडे त्यातून ढकललेत तर बाकी प्रोग्रॅमचा डेटा बाहेर फेकला जातो. लहान, वारंवार लागणाऱ्या डेटासाठी एसीपी चांगला, प्रतिमेसाठी नाही. आणि एचपी पोर्टला लावलेल्या डिव्हाइसवर डिव्हाइस-ट्रीत ‘डीएमए-कोहिरंट’ असं खोटंच लिहून ठेवू नका. कर्नेल विश्वास ठेवून सिंक गाळतं आणि वर सांगितलेल्या रेघा हजर होतात.

डिस्क्रिप्टरसाठी (इंजिनला बफरचा पत्ता आणि लांबी सांगणाऱ्या नोंदींसाठी) मात्र कोहिरंटच घ्या, तिथे दुसरा विचार नको. एएक्सआय डीएमएचे डिस्क्रिप्टर ६४ बाइटच्या सीमेवर बसतात, म्हणजे एका पानात ६४ मावतात. एकच रिंग असेल तर डीएमए-पूलचीही (लहान कोहिरंट तुकडे वाटणाऱ्या सोयीची) गरज नाही. पण कोहिरंट म्हणजे लिहिण्याचा क्रम आपोआप पाळला जातो असं नव्हे. आधी पत्ता आणि लांबी, मग डीएमए_डब्ल्यूएमबी (लिहिण्याचा क्रम पाळायला लावणारा अडसर), आणि त्यानंतरच डिव्हाइसला इशारा.

कॅमेराच असेल तर हे सगळं हाताने लिहिण्याआधी कर्नेलमधलं व्हिडिओ ड्रायव्हरांसाठीचं व्हिडिओबफ२ बघा. त्यात सलग, विखुरलेल्या आणि व्हीमॅलॉक अशा तिन्ही मेमरींसाठी तयार अलोकेटर आहेत, आणि ड्रायव्हरने मुभा दिली असेल तर युजरस्पेसमधून (कर्नेलबाहेरच्या प्रोग्रॅममधून) नॉन-कोहिरंट बफर मागता येतात. स्वतःचं एममॅप (बफर प्रोग्रॅमला थेट दाखवणारं फंक्शन) लिहून कोहिरंट मेमरी पायथॉनच्या प्रोग्रॅमला दिली, तर तिथेही कॅश बंदच असते, हे विसरलं जातं.

कामच वेगळं असेल तर उत्तरही बदलतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही. मिलच्या बेअरिंगवर चार कंपन-सेन्सर लावले, प्रत्येकाचे सेकंदाला १०,००० नमुने, दोन बाइटचा एकेक. सगळं मिळून सेकंदाला ८० केबी. इथे स्ट्रीमिंगचा घाट घालणं म्हणजे उगाच चुकांना जागा करून देणं. कोहिरंट बफर घ्या, वाचा, मोकळे व्हा.

राहिला प्रश्न बोर्ड हातात नसताना तपासायचं कसं. पीसीवर सिंक विसरलं तरी काहीच बिघडत नाही, म्हणून पीसीवर चाललेला ड्रायव्हर एआरएमवर चालेल असं समजू नका. यावर एक युक्ती आहे. आयओएमएमयू बंद ठेवून कर्नेलला ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स’ हा पर्याय दिला की प्रत्येक स्ट्रीमिंग मॅपिंग बाउन्स बफरमधून जातं. कुर्डुवाडीला बार्शी लाईट रेल्वेच्या नॅरोगेज डब्यांतला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे, तसा डेटा इथे मधल्या जागेत उतरतो आणि सिंक झालं तरच तुमच्या बफरमध्ये चढतो. सिंक विसरलात तर बफर जुनाच राहतो आणि चूक टेबलावरच उघडी पडते. यात एका मॅपिंगची मर्यादा २५६ केबीची आहे, म्हणून चाचणीत तुकडा १६ ओळींचा, १२८ केबीचा ठेवा. ४ एमबीचा दिलात तर मॅपिंग फसेल आणि तुमची एरर-तपासणी नीट लिहिली आहे का तेही कळेल. जोडीला कर्नेलमधलं, डीएमएच्या वापरातल्या चुका दाखवणारं डीएमए-एपीआय-डीबग चालू करा.

कॉलेजच्या पोरांकडे पीसीआय कार्डही नसेल, तर क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं ‘एज्यु’ नावाचं डिव्हाइस शिकण्यासाठीच बनवलेलं आहे. त्यात ४ केबीचा डीएमए बफर आहे आणि पत्त्याची मर्यादा मुळात २८ बिटांची. व्हर्च्युअल मशीनला २५६ एमबी रॅम दिली की सगळी मेमरी त्या मर्यादेत बसते.