पहिल्याच रात्री झोप लागली, तीच खूण होती

लेबल नसलेल्या डबीतली ‘शुद्ध आयुर्वेदिक’ कॅप्सूल घेऊन तुमचं पोर पहिल्याच रात्री वीस मिनिटांत गाढ झोपलं, तर देवापुढे साखर ठेवू नका. डबी जपून बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. आमच्या बहिणीने खरोखरच साखर ठेवली होती.

भाचा तेवीस वर्षांचा. एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी बऱ्हाणपूरहून इंदूरला आला आणि भंवरकुआ या कोचिंग क्लासच्या भागात होस्टेलवर राहू लागला. रात्री तीन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी आठला लायब्ररीत खुर्ची धरायची. त्या भागात असली पोरं पैशाला पासरी मिळतात. तिथली टपरी मध्यरात्रीपर्यंत उकळत असते, शहर स्वतःच सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दोनला गराडू, म्हणजे तळलेला कंद खातं, मग झोप कुणाची जागेवर राहील!

गणपतीच्या आरतीला एक पन्नाशीचे गृहस्थ येत. अस्खलित मराठी, कपाळाला गंध, बोलण्यात ‘बाळा’. स्वतःला कुणा वैद्यबुवांचे पुतणे म्हणवत. इंदुरात मराठी बोलणारा मोठा माणूस भेटला की आपण निम्मी चौकशी तिथंच सोडून देतो. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. हिंदी पोरांशी ते ‘भिया’ करून बोलत आणि आपल्या पोरांना रामबागेतल्या जुन्या मराठी घरांच्या ओळखी सांगत. पाच कॅप्सूलची पुडी शंभर रुपयांत दिली. “गोळी नाही बाळा ही, ब्राह्मी-जटामांसी आहे. सवय लागत नाही.” पुडीने काम केलं. मग महिन्याचा कोर्स चोवीसशेला. पैसे यूपीआयने, तेही कुणा बाईच्या नावावर. बिल मागितलं तर म्हणाले, वैद्यबुवा बिल देत नाहीत, आशीर्वाद देतात.

एकही प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. झोप कधीपासून बिघडली, चहा किती, दारू घेतोस का, मन उदास असतं का, घोरतोस का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, काही म्हणजे काही नाही.

मी दवा बाजारात बरीच वर्षं एका होलसेलरकडे हिशेब लिहिले आहेत. डॉक्टर नाही, पण औषधाच्या डब्यावर काय छापलेलं असावं लागतं ते हाताखालून गेलं आहे. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो आणि लेबलवर परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, घटकद्रव्यं हे सगळं असावं लागतं. पण तयार आयुर्वेदिक औषध किरकोळीत विकायला ॲलोपथीच्या दुकानासारखा वेगळा परवाना लागत नाही. या फटीतूनच ही मंडळी शिरतात. झोपेची खरी गोळी दुकानातून विकायची तर अडचणी फार. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही नावं २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. शिवाय अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीही येतात. त्याच रसायनाची पूड कॅप्सूलमध्ये भरून ‘जडीबुटी’ म्हटलं की ना चिठ्ठी, ना रजिस्टर.

कोर्स चालू असताना पोरगा म्हणायचा, झोप छान लागते. पण आदल्या रात्री वाचलेलं पान सकाळी कोरं. जेवताना आईशी फोनवर काय बोललो ते आठवेना. मॉक टेस्टचे मार्क घसरले. झोपेच्या अशा गोळ्यांनी स्मरणावर पडदा पडतो हे डॉक्टरांना नवं नाही, पण ज्याचा सगळा जीव पाठांतरावर आहे त्याच्यासाठी याहून क्रूर औषध सापडायचं नाही. त्याने ते ‘थकवा’ या खात्यावर टाकलं.

दिवाळीला घरी गेला आणि डबी इंदुरातच राहिली. त्यानंतर जे झालं, त्यावर या लोकांचा सगळा धंदा उभा आहे. दोन रात्री झोपेचा टिपूस नाही. छातीत धडधड, तळहाताला घाम, हात थरथरू लागले, चिडचिड इतकी की बहीण घाबरली. पोराने त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “बघितलंस? आजार किती खोल होता! आता मुळापासून उपटून निघतोय. डबल पॉवर लागेल.” त्याची किंमत एकोणचाळीसशे.

औषध अचानक थांबल्यावर मूळच्यापेक्षा वाईट झोप उडणं, याला डॉक्टर रिबाउंड म्हणतात. ते आजार खोल असल्याचं लक्षण नाही, शरीर त्या रसायनाला सरावलं याचं लक्षण आहे. विक्रेता ती तडफड औषधाच्या गुणाचा दाखला म्हणून विकतो. गिऱ्हाईक जितकं अडकेल तितकी त्याची खात्री पटत जाते, की आपण औषध सोडलं म्हणून त्रास झाला. खोटी जमीन विकणारा एकदाच फसवतो. हा दर महिन्याला फसवतो, आणि आपण आभार मानतो.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी पहिली गोष्ट सांगितली, की उरलेली कॅप्सूल पोराला फेकू देऊ नकोस आणि त्याला घेऊन ये. डबल पॉवर घेऊ दिली नाही. इथल्या एका मनोविकार तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लघवीची चाचणी सांगितली. बेंझोडायझेपिनसाठी, म्हणजे अल्प्राझोलाम-डायझेपामच्या गटासाठी पॉझिटिव्ह. ही साधी चाचणी नेमकी गोळी कुठली ते सांगत नाही, फक्त गट सांगते, असं त्यांनी स्पष्ट केलं. उलट काही गोळ्या या चाचणीत नीट दिसतही नाहीत, म्हणून निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. पण जटामांसी खाऊन ही चाचणी पॉझिटिव्ह येत नाही, एवढं मला पुरे होतं.

मी विचारलं, आता हे बंदच ना? डॉक्टर म्हणाले, एकदम बंद मुळीच नाही. सवय लागल्यावर झटकन थांबवलं तर फिटसारखे झटके येऊ शकतात. काही आठवड्यांत हळूहळू मात्रा उतरवायची, आणि तीही माहीत असलेल्या औषधाने, चिठ्ठीवर. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असली डबी असेल, तर याच एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो असं समजा. स्वतःहून फेकून मोकळे होऊ नका.

मग त्यांनी ते सगळे प्रश्न विचारले जे त्या गृहस्थांनी विचारले नव्हते. आणि एक वेगळाच प्रश्न, “रविवारी, अलार्म नसताना, कधी झोपतोस आणि कधी उठतोस?” पोरगा म्हणाला, तीनला झोपतो, अकराला उठतो, आणि मस्त वाटतं. म्हणजे झोप येतच नाही असं नव्हतं. शरीराचं घड्याळ पुढे सरकलं होतं. तरुणांमध्ये हे बरंच आढळतं आणि त्याला झोपेची गोळी हा उपाय नव्हे. सकाळी ठरावीक वेळी उठून उन्हात जायचं आणि रात्री उजेड कमी ठेवायचा. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, द्यायचंच तर अगदी थोड्या मात्रेत आणि झोपायच्या वेळेच्या काही तास आधी. बहुतेक लोक ते अंथरुणावर पडता पडता घेतात आणि मग म्हणतात, काही होत नाही.

खरी अनिद्रा वेगळी. आठवड्यात तीन तरी रात्री, आणि तीन महिने किंवा जास्त. तिच्यासाठीही पहिला उपाय गोळी नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं, की दीर्घकाळच्या अनिद्रेत सगळ्या प्रौढांना आधी सीबीटी-आय द्यावी. म्हणजे अनिद्रेसाठीची वर्तनोपचार पद्धत. झोपेची वही ठेवायची, रोज एकाच वेळी उठायचं, पलंगावर पुस्तक-मोबाइल बंद, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आणि पलंगावर घालवायचा वेळ आधी कमी करून मग वाढवत न्यायचा. होस्टेलच्या खोलीत पलंग हेच टेबल, हीच खुर्ची. तिथं हे अवघड जातं, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी लायब्ररीत वाचायचं आणि खोलीत फक्त झोपायचं असा तोडगा काढला. संध्याकाळचा चहा बंद. कॅफिनची निम्मी मात्रा शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, रात्री दहाच्या चहाचं काय सांगायचं!

गोळी कधीच नाही, असंही ते म्हणाले नाहीत. मात्र झोप लागत नाही की मध्येच तुटते, हे पाहून औषध निवडतात. झोल्पिडेमसारखी गोळी झोप लागण्यासाठी, तीही थोडे दिवस. तिच्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण काही माणसं झोपेतच चालू लागली, गाडी चालवू लागली. बायकांना मात्रा निम्मी करा, हे २०१३ मध्येच सांगितलं होतं. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. सर्दी-ॲलर्जीची गोळी झोपेसाठी देणारे दुकानदार असतात. तिचा गुण काही दिवसांत ओसरतो, उरतं ते कोरडं तोंड आणि सकाळचं जड डोकं.

आणि एक गोष्ट घरच्यांनी ऐकून ठेवावी. विशीतल्या पोराची झोप उडणं ही कधी नैराश्याची पायरी असते, कधी काळजीची. कधी तर तो कमी झोपूनही उत्साहात फुलून असतो, खर्च वाढतो, बोलणं थांबत नाही. ही बायपोलरची, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी नैराश्यात जाण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते, आणि त्यावर चुकीचं औषध पडलं तर प्रकरण चिघळतं. डबीवाल्याला याच्याशी घेणंदेणं नाही. आमच्या पोराच्या बाबतीत मागे फक्त परीक्षेची धास्ती निघाली.

आयुर्वेदाबद्दल माझं भांडण नाही. जटामांसी, तगर, अश्वगंधा आमच्या घरातही येतात, पण लेबल असलेल्या डब्यात, नोंदणी असलेल्या वैद्यांच्या हातून. ती माणसाला वीस मिनिटांत आडवी पाडत नाहीत. पाडत असतील तर आत दुसरंच काही आहे.

औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. उरलेल्या कॅप्सूल, यूपीआयची नोंद, फोनवरचे निरोप सगळं जोडलं आणि अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. हे कळताच त्या गृहस्थांचा निरोप आला, निम्मे पैसे घ्या आणि विषय संपवा. पैसे घेतले नाहीत. नंबर नंतर बंद झाला. आरतीला येणारा माणूस दुसऱ्या मंडळात पुन्हा ‘बाळा’ म्हणत असेलच.

भाच्याने डबीचा फोटो होस्टेलच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात तिघांनी खासगीत विचारलं, माझ्याकडेही हीच आहे, आता सोडू कशी? तिघांनाही त्याने तेच लिहिलं, की आज रात्री डबी फेकू नकोस, उद्या सकाळी ती घेऊन डॉक्टरकडे जा. पैशाची अडचण असेल तर बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. आणि रात्रीच जीव घाबरा झाला तर १४४१६ लाव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा तो नंबर फुकट आहे आणि चोवीस तास उचलतात.